बदकाच्या पिल्लांचे पाय: यीस्ट की नायसिनचं पाणी?

रेस्क्यू केलेलं पिल्लू लटपटतंय, पाय वाकडे पडतायत, दोन पावलं टाकून लगेच बसतंय, तर बरेचदा नायसिन (व्हिटॅमिन बी३) कमी पडलेलं असतं, कारण कोंबडीच्या पिल्लांपेक्षा यांना ते जास्त लागतं आणि नुसतं चिक स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य) पुरत नाही. ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवतानाचं वाळवलेलं यीस्ट, खाद्यात कालवलं (कपभर खाद्याला साधारण दीड टेबलस्पून) की रोजचं भागतं, बाकीची बी व्हिटॅमिन्सपण मिळतात, पण पाय गेलेलं पिल्लू खायलाच उठत नाही ना! तिथे नायसिनची साधी गोळी, स्लो रिलीजवाली नको, कुटून लिटरभर पाण्यात ३०-४० मिलीग्रॅम जाईल इतकी घालायची आणि वाटी चोचीपाशी धरायची, मी तरी सुरुवात यानेच करते. पाणी रोज ताजं बनवा. ब्रेडचं यीस्ट अजिबात नको हं. सांधा सुजून गरम लागत असेल तर मात्र आधी व्हेट गाठा.