आठ महिने, एक रायफल आणि ती आगाऊ पिन

रायफल घेऊन आठ महिने झाले. पॉइंट टू टू, सेमी-ऑटो (दर वेळी चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरते), 10 काडतुसांचं मॅगझिन. बाकीची माहिती वाचणाऱ्यांना तोंडपाठ असणार. नेम चांगला लागतो, चाप जरा जड आहे, चालायचंच. मला या अभिप्रायात बोलायचंय ते एका पिनबद्दल.

गोळी सुटल्यावर मागे येणाऱ्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या ठोकळ्याला, थोपवणारी ती आडवी पिन. पेन्सिलीएवढी जाड, गुळगुळीत. रिसिव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पेटीत, ती घट्ट बसतच नाही. दोन्ही बाजूंनी स्टॉकचं, म्हणजे दस्त्याचं, लाकूड तिला अडवून ठेवतं, एवढाच काय तो आधार. स्टॉक काढला आणि रायफल जरा कलली, की बाईसाहेब जमिनीवर. पहिल्या साफसफाईत ती कपाटाखाली गेली, दुसऱ्या वेळी माझ्या चपलेत सापडली. तिसऱ्या वेळी शहाणपणाने आधीच काढून वाटीत ठेवली, तर कोपर लागून वाटीच लवंडली.

रायफल खोलायला पाच मिनिटं लागतात. जोडायला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले. रिसिव्हर उलटा धरायचा, कॉकिंग हँडल (बोल्ट ओढायची मूठ) स्प्रिंगसकट मागे ओढून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने बोल्ट तिरका आत घालून त्याची खाच हँडलवर बसवायची. अंगठा घसरला की पुन्हा पहिल्यापासून. एवढं जमल्यावर ट्रिगरचा सांगाडा, म्हणजे चाप आणि घोडा असलेला भाग, बसेना. दाबला, हलवला, कंपनीचा उद्धार केला. दोन तारे द्यायचे ठरवून इथपर्यंत लिहून ठेवलं होतं.

त्यातलं अर्धं आता मागे घेतो. रेंजवर एका काकांनी सगळी कहाणी ऐकून एवढंच विचारलं, "घोडा चढवला होतास का?" नव्हता. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणारा हातोडा. तो पुढे पडलेला असला की बोल्टला अडतो. चढवून ठेवला तर सांगाडा बोटाच्या दाबाने जागेवर जातो. आता सगळं 15 मिनिटांत होतं. तारे चार. पाचवा पिनेने खाल्ला.

इतक्या वेळा खोलायचीच कशाला, हा प्रश्न मला उशिरा पडला. रिमफायरच्या, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या या छोट्या काडतुसांच्या, शिशाच्या गोळीला बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं. त्यात या रायफलचा बोल्ट काडतुसाच्या दाबानेच मागे ढकलला जातो, त्यामुळे काजळी आतच उडते आणि बोल्टच्या तोंडावर, रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साचते. घासायचं ते तिथे. मी मात्र दर वेळी बॅरल चकचकीत करत बसायचो, आणि मग पहिल्या 10-12 गोळ्या वाटेल तिकडे जायच्या. बॅरलमध्ये मेणाचा थर पुन्हा बसला की सगळ्या मुकाट एका जागी. म्हणजे साबण संपवून वर काडतुसंही मातीत घालत होतो! शिवाय रिसिव्हर मागून बंद, त्यामुळे सळई बॅरलच्या तोंडाकडूनच घालावी लागते, आणि त्या तोंडाची कड घासली गेली तर नेम कायमचा बिघडतो. आता चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या टोकाकडून, पुल-थ्रूने (साफसफाईच्या दोरीने) एखादी चिंधी ओढतो, तीही जुन्या बनियनची.

स्टॉकचा स्क्रू कमी-जास्त आवळला की नेमही सरकतो. त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली आहे. रेघ जुळली की थांबायचं. टॉर्क (आवळण्याचा जोर) मोजणारा पाना घ्या असं सगळे सांगतात. सांगू देत.

पिनेच्या जागी बसणारी, आवाज कमी करणारी प्लास्टिकची पिन विकत मिळते. तीही मी घेणार नाही. पिन पडू नये म्हणून मी उघड्या रिसिव्हरवर चिकटपट्टी लावतो, काम भागतं. म्हणजे भागत होतं. परवा सगळं जोडलं, स्क्रू रेघेवर आणला, मॅगझिन बाहेर आणि चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि बोल्ट ओढला. तो भलताच मागे आला आणि रिसिव्हरच्या भिंतीवर खट्टकन आदळला. वाटीत पाहिलं. पिन तिथेच होती.