जियायांगची कोळसा रेल्वे: सोलापूरहून निघणाऱ्या एका सहलीचे परीक्षण

सोलापुरातील एका सहल कंपनीने आपल्या चीनच्या दौऱ्यात सिचुआन प्रांतातील जियायांगच्या कोळसा रेल्वेचा समावेश केला आहे. लेशानचा ७१ मीटर उंचीचा बुद्ध इतर कंपन्याही दाखवतात. त्यामुळे हे परीक्षण रेल्वेपुरतेच मर्यादित ठेवले आहे.

जियायांगच्या खाणीचा कोळसा वाहण्यासाठी बांधलेली सुमारे २० किलोमीटरची ही नॅरोगेज रेल्वे १९५९ मध्ये सुरू झाली. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘शतकापूर्वीची इंजिने’ असे छापले आहे, ते खरे नाही. येथील ‘सी-२’ जातीची इंजिने मुळात १९५० च्या दशकापासूनची आहेत, आणि चीनमध्ये वाफेची इंजिने १९८० च्या दशकातही तयार होत होती. त्यांचे मोल वयात नसून ती अजून कामावर आहेत यात आहे. या खोऱ्यात बरीच वर्षे मोटाररस्ता नव्हता, त्यामुळे खाणकामगारांची आणि गावकऱ्यांची ये-जा याच गाडीवर अवलंबून राहिली आणि गाडी टिकली.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना येथे एक ओळखीची गोष्ट आढळेल. रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर आहे, म्हणजे बार्शी लाइट या आपल्याकडील जुन्या नॅरोगेज रेल्वेचे होते तेवढेच. बार्शी लाइट उभारणारे इंग्रज अभियंते कॅलथ्रॉप यांनी तिच्यासाठी घेतलेल्या किटसन कंपनीच्या इंजिनांप्रमाणे ‘सी-२’लाही एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाके आहेत, कारण हलक्या रुळांवरून जड गाडी ओढायची असेल तर इंजिनाचे वजन अधिक आसांवर विभागावे लागते. बार्शी लाइटच्या कुर्डुवाडी येथील वर्कशॉपशी ज्यांच्या घराचा संबंध आला आहे, त्यांना त्या दांड्यांची हालचाल पाहण्यासाठी वेगळे आमंत्रण नको.

मिफेंगयान स्थानकावर गाडीची दिशा उलटते आणि इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडले जाते. बोरघाटातील जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनवर असेच करावे लागत असे. हे काम नीट पाहायचे तर फलाटावर उतरून इंजिनाजवळ जायला हवे. कंपनीच्या मार्गदर्शकाने मात्र सर्वांना डब्यातच बसवून ठेवले, आणि पुढे बागौ या खाणकामगारांच्या जुन्या वस्तीत फिरायला वेळच न देता परतीची गाडी पकडायला लावली. दौऱ्याच्या दराकडे पाहता ही घाई अक्षम्य वाटते, कारण खाणीभोवती वसलेले ते गाव पाहिल्याशिवाय या रेल्वेचे प्रयोजन समजत नाही.

गाडी पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. सहलीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. नोंदणी करणाऱ्यांनी बागौमधील मुक्काम किंवा निदान अर्धा दिवस लेखी मागून घ्यावा. मार्चमध्ये मोहरीच्या जातीची पिवळी फुले रुळांच्या दोन्ही बाजूंना असतात आणि गर्दीही तेव्हाच उसळते. केवळ इंजिनासाठी जाणाऱ्यांनी थंडीचे दिवस निवडावेत, कारण गार हवेत वाफ अधिक दाट दिसते.