दहावीचं वर्ष, एक एआय ॲप आणि "तुझ्या घरी शॉवर आहे का गं?"

मी मुंबईत काळाचौकीला राहते. मराठी माध्यम, दहावी यंदाच झाली. वर्षभर अभ्यासाला एक एआय ॲप वापरलं, फुकटवालं. कुठलं ते लिहीत नाही, कारण मैत्रिणींकडे वेगवेगळी होती आणि खोड्या सगळ्यांच्या साधारण सारख्याच निघाल्या.

फोन बाबांचा. बाबा बसवर कंडक्टर, त्यामुळे फोन दिवसभर त्यांच्या खिशात. रात्री साडेनऊला ते घरी येणार, हातपाय धुऊन जेवायला बसणार, तेवढा वेळ फोन माझा. म्हणजे रोजचा पाऊण तास. त्यात फुकट खात्याची मर्यादा आहेच: चार-पाच फोटो पाठवले की "उद्या पुन्हा प्रयत्न करा". हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे त्यांचा अनुभव वेगळा असेल, त्यांनी त्यांचा लिहावा.

सुरुवात गणितापासून केली. वर्गसमीकरणं अडली होती. मराठीत विचारलं, उत्तरही मराठीत आलं, पण त्यात सगळीकडे "द्विघात समीकरण". मला वाटलं हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे, आणि पुस्तकात ते शोधत पंधरा मिनिटं घालवली. पुढे अंकगणिती श्रेढीची "समांतर श्रेणी" झाली, संभाव्यतेची "प्रायिकता" आणि स्पर्शिकेची "स्पर्श रेखा". क्लासमध्ये एक मुलगा आहे, आठवीपर्यंत हिंदी माध्यमात होता. त्याने नुसतं बघितलं आणि म्हणाला, "हे तर आमच्या पुस्तकातलं." तेव्हा कुठे उलगडा झाला. ॲपची गणिताची मराठी म्हणजे हिंदीला मराठी प्रत्यय.

यावर उपाय आहे. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ फुकट मिळते. त्यातल्या पानाचा फोटो द्यायचा आणि सांगायचं की यातलेच शब्द वापर. मग दहा-बारा उत्तरं नीट येतात. नंतर हळूच पुन्हा प्रायिकता.

दुसरी अडचण पद्धतीची. प्रश्नात "गृहीतमध्य पद्धतीने मध्य काढा" असं स्वच्छ लिहिलेलं असताना हे सरळ पद्धतीने काढून मोकळं. उत्तर तेच येतं, पण आपल्याकडे गुण पायऱ्यांना असतात हे त्याला कोण सांगणार?

आता चांगलं सांगते, कारण गणितात मला त्याचा खरंच फायदा झाला. मी स्वतः सोडवलेलं, चुकलेलं गणित वहीतून फोटो काढून पाठवायचे आणि लिहायचे: "उत्तर सांगू नकोस. पहिली चूक कितव्या ओळीत आहे तेवढंच सांग." यात ते फार पटाईत आहे. सलग तीन गणितांत त्याने एकच चूक दाखवली, विवेचक काढताना मी ऋण संख्येभोवती कंस घालत नव्हते. क्लासमध्ये साठ जण आहेत. तिथे सर उत्तर चुकलं एवढंच सांगतात, प्रत्येकाची कुठली ओळ चुकली ते बघायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

एक किरकोळ तक्रार. ते मला मुलगा समजतं. "तू नक्की करू शकतोस!" मी एकदा सांगितलं, मी मुलगी आहे. माफी मागितली, आणि दोन उत्तरांनी पुन्हा "छान प्रयत्न केलास मित्रा".

आता जलसुरक्षेकडे येते, कारण हा रिव्ह्यू खरं म्हणजे त्या प्रकरणामुळे लिहितेय.

जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय. टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून कोणी मनावर घेत नाही, मीही घेतला नव्हता. प्रकल्प होता "माझ्या परिसरातील पाण्याचा वापर". आदल्या रात्री, बाबा आमटी वाढून घेत असताना, मी ॲपला एक ओळ लिहिली आणि अर्ध्या मिनिटात सात पानं तयार. प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, उपाय, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी. सकाळी शाळेत जाताना नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढल्या, पाच रुपये पान, मुखपृष्ठ रंगीत म्हणून त्याचे वीस.

बाईंनी माझा प्रकल्प उचलला आणि वर्गात वाचायला सुरुवात केली. "नागरिकांनी शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करावी. बाथटबचा वापर टाळावा. बागेला शक्यतो सकाळी लवकर पाणी घालावे." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या घरी शॉवर आहे का गं?"

वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं चाळीतली. हसू असं उसळलं की शेजारच्या तुकडीचे सर दारात येऊन उभे राहिले. आमच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी आहे, तिला कंबरेएवढी भिंत आणि वर पडदा. बाथटब मी फक्त सिरियलमध्ये बघितलाय.

"पाणी किती वाजता येतं?"

"चार चाळीसला, बाई. पहाटे."

"मग ते यात कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. पहाटे अलार्म लावून आई उठते, सहाच्या आत सगळं भरून ठेवावं लागतं, तिसऱ्या माळ्यावर धार करंगळीएवढी येते, पहिल्या माळ्यावर कोणी मोटर लावली तर तीही थांबते आणि मग जिन्यात भांडण होतं. सात पानांत यातलं एक अक्षर नाही. दोष ॲपला देऊन काय उपयोग? त्याला मी सांगितलंच नव्हतं. पण त्यानेही एका शब्दाने विचारलं नव्हतं, की तू राहतेस कुठे. विचारायचं सोडून थेट लिहायला बसतं, ही माझी त्याच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

बाईंनी लाल पेनाने आणखी एक गोल केला होता. मुंबईला पिण्याचं पाणी देणाऱ्या तलावांत ॲपने "विहार, तुळशी आणि पवई" लिहिलं होतं. पवईचं पाणी पिण्यासाठी देत नाहीत. मुंबईचे सात तलाव म्हणजे अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. पावसाळ्यात रोज त्यांची पातळी छापून येते, आजी ती पेपरमध्ये भविष्याच्या आधी वाचते. आमच्या घरातल्या सातवी पास बाईला जे पाठ आहे ते मी न तपासता रंगीत मुखपृष्ठाखाली शाळेत नेऊन दिलं. (वर्गात अकरा प्रकल्पांचा शेवट "पाण्याचा प्रत्येक थेंब मौल्यवान आहे" याच वाक्याने झाला होता. बाईंनी ते मोजले आणि फळ्यावर ११ लिहून ठेवलं. बाकी काही बोलल्या नाहीत.)

पुन्हा करायला मुदत मिळाली. या वेळी उलटीकडून सुरुवात केली. आधी बादली मोजली. दुकानदाराने वीस लिटरची म्हणून दिलेली आमची बादली एक लिटरच्या बाटलीने भरली तर काठोकाठ सतरा लिटरची निघाली, आईने लगेच "बघ, फसवलं की नाही" म्हणून घेतलं. मग पिंप, दोन हंडे, कळशी, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर. चौदा दिवस किती भरलं आणि कशाला गेलं ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. आंघोळ, कपडे, भांडी, स्वयंपाक, पिणं, लादी.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ते एक्सेलमध्ये घातलं. बेरीज केली तर शून्य. सरासरी काढली तर शून्याने भागल्याचा एरर. सरांनी दोनदा बघितलं, मशीन बंद करून चालू केलं, तरी शून्य. रात्री ॲपला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याने एका वाक्यात सांगितलं: तू चौकटीत "१७ लिटर" असं लिहिलं आहेस, त्यामुळे कॉम्प्युटर त्याला आकडा नाही तर मजकूर समजतो. फक्त आकडा ठेव, "लिटर" वर मथळ्यात लिही. दुसऱ्या दिवशी तसं केलं आणि सगळ्या बेरजा धडाधड आल्या. सरांनी ती युक्ती लगेच पुढच्या तुकडीला शिकवली, "आपल्याच एका विद्यार्थिनीने शोधलं" म्हणून. मी गप्प बसले. खोटं बोललेही नाही, खरंही सांगितलं नाही.

सरासरी आली दिवसाला ३०४ लिटर, माणसं पाच, म्हणजे माणशी साधारण ६१. पाइपने पाणी आणि भूमिगत गटारं असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या नियमावलीत माणशी रोज १३५ लिटरचा निकष आहे. मी खूश, आपण निकषाच्या निम्म्यात भागवतो म्हणून मोठं वाक्य लिहून ठेवलं. तक्ता ॲपला दाखवला आणि म्हटलं, यात काय राहिलंय? ते म्हणालं, शौचालयाच्या पाण्याचा रकाना दिसत नाही.

आमच्याकडे संडास सामाईक, मजल्याच्या टोकाला, त्याची टाकी वेगळी. ते पाणी मी धरलंच नव्हतं, आणि माझ्या ते डोक्यातही आलं नसतं, कारण ते पाणी आम्ही भरत नाही. हे मला बाईंनीसुद्धा विचारलं नव्हतं. तेच ॲप, तोच फोन. त्याच्यासमोर माझं काहीतरी ठेवलं तेव्हा ते कामाचं बोललं. काहीच ठेवलं नव्हतं तेव्हा बाथटब.

माहितीच्या बाबतीत मात्र दर ओळ तपासावी लागते. हँगिंग गार्डनखाली पाण्याचा मोठा जलाशय आहे असं त्याने सांगितलं तेव्हा मला थाप वाटली. खरं निघालं, आम्ही तिथे सहलीला जाऊन वरच्या हिरवळीवर डबे खाल्ले होते. विहार १८६० चा आणि तानसा १८९२ चा, हेही बरोबर. मोडक सागर हे नाव इंजिनिअर एन. व्ही. मोडक यांच्यावरून, हेही बरोबर. आणि मग सातही तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, हा आकडा मीच दिलेला, तो लिटरमध्ये सांग म्हटलं तर "१४ लाख कोटी". हाताने शून्यं मोजली: १ लाख ४४ हजार कोटी. दहापट चूक, तीही इतक्या शांतपणे की चूक दाखवल्यावर "तुझं निरीक्षण अगदी अचूक आहे" म्हणून माझंच कौतुक. त्या आकड्यात मला स्वतःला आवडलेली गोष्ट म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसात मावतं आणि बोरिवलीच्या जंगलातल्या तुळशीत फक्त ८,०४६ दशलक्ष लिटर. पावसाळ्यात तुळशी भरला की लोक खूश होतात, पण तो भरणारच, आहेच एवढासा.

बाकीचे विषय भराभर सांगते. इंग्रजीला उत्तम, फक्त "पुन्हा लिहून देऊ नकोस, चुकांखाली रेघ मार" असं बजावायचं, नाहीतर आपल्या पत्राचं कंपनीच्या मॅनेजरचं पत्र होतं. इतिहासाला प्रश्न विचारून घ्यायला बरं. मराठी निबंधाला अजिबात नाही. "पहाटेची मुंबई" सांगितलं तर कोवळी किरणं, पक्ष्यांचा किलबिलाट. आमच्याकडे पहाटे पक्षी नाहीत, हंडे वाजतात.

बोलून विचारायची सोय आहे ती आजीला दाखवली. आजी कणकवलीकडची, ती तिच्या मालवणीत बोलली, आणि ॲपने तिला भलत्याच कुठल्यातरी भाजीची कृती दिली. आजीने फोन मला परत दिला. "ह्येका काय म्हायत आमचा पाणी," म्हणाली, आणि पेपर उघडला.

टायपिंगबद्दल राहिलं. दुसरा प्रकल्प मी शाळेच्या मशीनवर इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या कीबोर्ड मांडणीत, स्वतः टाइप केला. "ळ" सापडायला एक तास लागला, "ल"च्या कळीवर शिफ्ट. नऊ पानं, सहा दिवस. श्रेणी अ मिळाली. पहिल्या प्रकल्पाला अर्धा मिनिट लागला होता आणि त्यातलं मला आज शॉवर आणि बाथटबशिवाय काही आठवत नाही.

आता अकरावी. परवा बाबांनी जेवताना विचारलं, पैसेवालं घ्यायचं का, फोटोंची मर्यादा जाईल. मी नको म्हटलं. चारच फोटो मिळतात म्हणून गणित मी आधी तीनदा स्वतः सोडवून बघते आणि अगदीच अडलं तर फोटो खर्च करते. मर्यादा नसेल तेव्हा मी काय करते ते मला माहीत आहे. सात पानं अजून आईने जपून ठेवलीत, मागची बाजू कोरी आहे म्हणून. त्यावर वाण्याचा हिशोब लिहिते.