सुपर ८ च्या जुन्या रिळांवर नवा आवाज: नागपूरच्या महाल भागातील एका कारागिराचे काम

घरी पडद्यावर पाहण्यासाठी विकल्या गेलेल्या, सुपर ८ या आठ मिलिमीटर रुंद फिल्मवरील चित्रपटांच्या प्रती ज्यांनी सांभाळून ठेवल्या आहेत, त्यांना चित्रापेक्षा आवाजच अधिक छळतो. वडिलांच्या संग्रहातील अशा काही रिळांवर नव्याने ध्वनिमुद्रण करून घेण्यासाठी मी ती नागपुरात महाल भागातील, जुनी ध्वनियंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे दिली. काम मनापासून आवडले, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

या फिल्मच्या कडेला जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंदीची चुंबकीय पट्टी असते. कॅसेटप्रमाणे तिच्यावरील आवाज पुसून दुसरा भरता येतो. प्रकाशीय ध्वनिपट्टी, म्हणजे आवाज चित्रासारखा फिल्मवरच छापलेली पट्टी, असलेल्या प्रतीवर मात्र हे शक्य नसते, म्हणून काकांनी आधी प्रत्येक रिळाची कड भिंगाखाली पाहून घेतली. पुसण्यापूर्वी ते जुना आवाज संगणकावर उतरवून ठेवतात. ही त्यांची सवय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण नवा आवाज शेवटी त्या जुन्याशीच जुळवायचा असतो.

खरी कसोटी तिथेच लागते. ४०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने २० मिनिटे चालते आणि त्यात मूळ चित्रपटाची काटछाट केलेली आवृत्ती असते, त्यामुळे नव्या आवाजासाठी घेतलेला, त्याच चित्रपटाच्या डीव्हीडीवरचा आवाज तसाच्या तसा बसत नाही. त्यातही पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट २५ फ्रेमच्या गतीने धावत असल्याने आवाज सुमारे ४ टक्के वेगवान आणि जवळजवळ अर्ध्या सुराने चढा येतो. काका तो आधी मूळ गतीवर आणतात आणि मग प्रसंगाप्रसंगाने कापतात. माझ्या एका प्रतीत जोड देताना काही फ्रेम गळालेल्या होत्या. तिथे त्यांनी संवादाला हात न लावता दोन वाक्यांमधल्या शांततेतून तेवढाच तुकडा काढला, आणि पुढे दार मिटते त्याच क्षणी दार आपटल्याचा आवाज येतो. सुपर ८ मध्ये आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे मुद्रित असतो, त्यामुळे जोडावरचा खट्ट आवाज पाऊण सेकंद उशिरा ऐकू येतो. तो मात्र पूर्णपणे गेलेला नाही.

स्टीरिओचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. त्यासाठी आवाजाची दुसरी वाहिनी (चॅनल) फिल्मच्या समोरच्या कडेवरील अरुंद पट्टीवर भरावी लागते आणि तिच्यात खरखर जास्त येते. संवादप्रधान प्रतीला एकच वाहिनी पुरते. एका रिळात ध्वनिमुद्रणाची पातळी जास्त ठेवल्यामुळे गाण्याच्या वरच्या सुरांना आवाज फाटत होता. ते दाखवून देताच काकांनी पातळी स्वतः हाताने लावून, वेगळे पैसे न घेता संपूर्ण रीळ पुन्हा भरून दिले.

आकारणी रिळाच्या लांबीनुसार होते आणि काम सावकाश चालते, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी जाऊ नये. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल, म्हणजे ती सडू लागली असेल, तर काका ती स्वीकारत नाहीत. रंग उडून गुलाबी पडलेल्या प्रतीवर खर्च करण्यापूर्वी ते ग्राहकाला दोनदा विचारतात. मे महिन्यात रिळे स्कूटरच्या डिकीत ठेवून आणू नयेत, अशी त्यांची सक्त ताकीद आहे आणि नागपूरचे ऊन पाहता ती पाळलीच पाहिजे.