खाडीकाठच्या कॉलेजचं म्युझियम: मागची खोली बघितल्याशिवाय परत येऊ नका

शनिवारी बाबांना घेऊन इथे जाऊन आले, आल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज वेळ मिळाला. बाबा बहात्तर वर्षांचे, सगळा जन्म दाभोळ खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर दर्यात मासेमारीत गेला, त्यांना म्युझियम बघायला चला म्हटलं की "मेलेले मासे काय बघायचे गो, घरात ताजे येतात" म्हणून उडवून लावतात. तेच बाबा इथे दोन तास उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. माझे पाच स्टार तिथेच झाले, पण बाकीचंही सांगते कारण इथे येणारे बरेच जण पुढची खोली बघून दहा मिनिटांत बाहेर पडतात आणि खरं बघण्यासारखं सगळं मागे आहे.

पुढच्या खोलीत डॉल्फिनची कवटी आहे, कासवाची पाठ, पेंढा भरलेले बगळे आणि घारी, काचेच्या पेट्यांत शंख-शिंपले, बाटल्यांत साप. मुलांना आवडतं, माझा भाचा मोरीच्या (शार्कच्या) जबड्यासमोरून हलत नव्हता. छान आहे पण असं इतरही ठिकाणी बघायला मिळतं, आणि भव्य काही बघायचं असेल तर रत्नागिरीच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा बघावा, तसं इथे काही नाही.

मागच्या खोलीसाठी आदल्या दिवशी प्राणिशास्त्र विभागात फोन करून सांगावं लागतं. आम्ही सांगितलं होतं, विभागातल्या मॅडम स्वतः थांबल्या होत्या. आत गेल्यावर पहिला वास येतो, थोडा दवाखान्यासारखा, मग सवय होते. छतापर्यंत लोखंडी रॅक आणि त्यावर बरण्याच बरण्या, लोणच्याच्या असतात तशा काचेच्या, लहान मोठ्या. मासा आधी दहा टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवतात म्हणजे तो आतून बाहेरून टिकतो, मग धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा. रंग मात्र सगळा उडतो. बांगड्याची ती हिरवी निळी पाठ, तांबोशीचा लाल रंग, काही राहत नाही, सगळे फिकट पिवळट. मला एकही ओळखता येईना. बाबा मात्र नुसत्या शेपटीवरून आणि तोंडाच्या ठेवणीवरून नावं घेत सुटले, मुडदुसा, कर्ली, शिंगाळा, लेपा, ढोमा, आणि मॅडम प्रत्येक बरणी फिरवून आतली चिठ्ठी बघत होत्या, बरोबर काका, हेही बरोबर.

ती चिठ्ठी नीट बघा. जाड कागदाची असते, पेन्सिलीने लिहिलेली, आणि बरणीच्या आत माशासोबतच बुडवलेली. मी विचारलं आत का, तर बाहेर चिकटवलेली गळून पडते, कोकणातल्या दमट हवेत तर एका पावसाळ्यात, आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल विरघळत नाही. एका बरणीतली मी वाचून घेतली. मुडदुसा, खाली शास्त्रीय नाव, तारीख, खाडीच्या मुखापासून किती आत, किती वाव (खोलीचं माप) पाणी, जाळं रापणीचं (किनाऱ्यावरून ओढतात ते), आणि ज्याने दिला त्या मच्छीमाराचं नाव. शेवटी रजिस्टरचा नंबर, तोच नंबर दोऱ्याने माशाच्या कल्ल्यातून ओवून बांधलेला, म्हणजे चिठ्ठी आणि मासा कधी वेगळे झाले तरी जुळवता येतात. मॅडम म्हणाल्या चिठ्ठी नसेल तर काका म्हणतात तेच खरं, तो नुसता मेलेला मासा. म्हणजे मी बाबांचं ते वाक्य त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं हे माझ्या लक्षातच नव्हतं, बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मग मॅडमनी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली, मला आधी काहीच माहीत नव्हती. हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता, जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून जेमतेम सात कातडी शिल्लक होती. त्यातल्या एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं लेबल, की हा मी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईने तपासलं तेव्हा कळलं की लेबल खोटं आहे, तो पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात जमवलेला होता, माइनर्ट्झहागेनने तो चोरून आतला भराव बदलून आपल्या नावावर केला होता. आणि त्या एका खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलत्याच जागी शोधत राहिले. मग बाकीच्या खऱ्या लेबलांवर ज्या जागा होत्या त्या धरून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी फिरले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. आपल्या महाराष्ट्रातला पक्षी, आणि परत सापडला तो म्युझियमच्या कपाटातल्या जुन्या चिठ्ठ्यांमुळे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. खोलीच्या कोपऱ्यात लाकडी फळीवर करवत माशाची करवत ठेवलेली आहे. दीड हात लांब असेल, दोन्ही बाजूंना दात, टोकाचे दोन तुटलेले. बाबा तिच्यापाशी गेले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग सांगायला लागले की हा मासा मोरीसारखा दिसतो पण पाकटाच्या (स्टिंग रे) जातीचा, उलटा करून बघितला की कल्ले पाकटासारखे पोटाकडे असतात (मॅडम म्हणाल्या अगदी बरोबर, शास्त्रातही तसंच मानतात), आणि त्यांच्या लहानपणी याची पिल्लं खाडीत आत येत, आजोबांच्या डोल जाळ्यात एकदा अडकलं होतं तर अर्धं जाळं कापायला लागलं होतं. करवतीचे दात जाळ्यात गुंतले की त्याला सुटता येत नाही आणि हेच त्याच्या मुळावर आलं. जाळी वाढली तसा तो संपत गेला. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पकडायलाच बंदी. बाबांनी शेवटचा कधी बघितला ते त्यांना आठवेना. फळीला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर आमच्याच खाडीचं नाव आणि सत्तरच्या दशकातली तारीख आहे. म्हणजे कोणी उद्या म्हणालं की इथे करवत मासा कधी नव्हताच, तर ही फळी दाखवता येईल.

हे बघून मला माझ्या शाळेचा राग नव्याने आला. आजोबांच्या त्या माशाची करवत आमच्या घरी पडवीत टांगलेली असायची, मी सहावीत असताना बाबांनी ती शाळेच्या प्रयोगशाळेला दिली, पोरं बघतील म्हणून. शाळेचं नाव घेत नाही. नंतर प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर रूम करायची ठरली तेव्हा कपाटातल्या बाटल्या, सांगाडे, करवत, सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून टाकून दिलं, कोणाला विचारलं नाही, घरी निरोपही नाही. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, गेली तर गेली. शनिवारी परत येताना गाडीत म्हणाले, आपली पण अशी फळीवर बांधलेली असती. मला पुढे काही बोलता आलं नाही. ज्यांच्या गावच्या शाळेत, कॉलेजात अशी जुनी कपाटं असतील त्यांनी प्लीज रिनोव्हेशन निघायच्या आधी एखाद्या मोठ्या संग्रहालयाला विचारा. मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, त्यांच्याकडे लाखाहून जास्त नमुने सांभाळलेले आहेत, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम केंद्र आहे. निदान एक फोन करा.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे खड्यांचा ड्रॉवर. ढोम्याच्या, घोळीच्या डोक्यात पांढरे खडे निघतात हे आपल्याकडे मासे साफ करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे, लहानपणी आम्ही ते धुऊन खेळायला घ्यायचो. तो माशाच्या कानातला खडा असतो, त्याच्यावर माशाचा तोल आणि ऐकणं चालतं. प्रत्येक जातीच्या खड्याचा आकार वेगळा, म्हणून मेलेल्या डॉल्फिनच्या नाहीतर समुद्रपक्ष्याच्या पोटात नुसते खडे सापडले तरी त्याने काय खाल्लं होतं ते सांगता येतं, पण त्यासाठी जुळवून बघायला असा ड्रॉवर हवा. छोट्या छोट्या डब्यांत जोडीजोडीने ठेवलेत. एक खडा कापून घासून मायक्रोस्कोपखाली ठेवला होता, झाडाच्या बुंध्यात असतात तशा कड्या दिसतात, त्या मोजून माशाचं वय काढतात. आपल्याकडचं पाणी थंडीत फार गार होत नाही म्हणून कड्या पुसट असतात, मोजायला नजर लागते. बाबांनी चष्मा काढून एक डोळा लावला आणि मोजून सांगितलं, तीन, मग म्हणाले नाही चार. मॅडमच्या वहीतही तीन की चार असंच लिहिलेलं होतं.

पापलेटचंही एक कळलं. २०२३ साली पापलेट आपला राज्य मासा झाला, पण त्याचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं पाम्पस आर्जेंटियस असं लिहीत आले, आणि अलीकडे डीएनए आणि अंगाची मापं जुळवून बघितल्यावर भारतातला पापलेट हा चीनच्या बाजूचा आर्जेंटियस नव्हे, पाम्पस कँडिडस आहे असं संशोधकांनी मांडलंय. कँडिडस हे नाव १८२९ मध्येच दिलेलं, मधल्या काळात मागे पडलेलं. म्हणूनच इथे हल्ली नवीन मासा आला की फॉर्मलिनमध्ये टाकायच्या आधी मांसाचा छोटा तुकडा काढून निव्वळ अल्कोहोलमध्ये फ्रीजरला ठेवतात, फॉर्मलिनने डीएनए खराब होतो.

शंखांची कपाटं लाकडाची होती, ती बदलून स्टीलची केलीत. लाकडातून आंबट वाफ सुटते आणि दमट हवेत शंखांवर पांढरी भुकटी धरते, शंख हळूहळू झिजतो, त्याला बाईन्स डिसीज म्हणतात. तसा झिजलेला एक शंख मुद्दाम बाजूला ठेवलाय, हातात घेतला तर बोटाला खडूसारखं लागतं. घरी शोकेसमध्ये शंख ठेवणाऱ्यांनी बघून घ्या, मी आल्या आल्या माझे लाकडी पेटीतून काढले.

आता कमी काय आहे तेही लिहिते. म्युझियम वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो, बाबा दोनदा थांबले. पुढच्या खोलीतल्या पाट्या सगळ्या इंग्रजीत, मागच्या चिठ्ठ्यांवर मराठी नावं आहेत ती पुढे का नाहीत, मुलांना तीच आधी कळतात. लाइट कमी पडतो. माणसं तर फारच कमी आहेत, दोन मॅडम आणि एक अटेंडंट मामा, उडून गेलेलं अल्कोहोल प्रत्येक बरणीत परत भरायचं कामही तेच करतात, शेकडो बरण्या. तिकीट नाही, ठेवावं असं मला वाटतं, वीस-तीस रुपये कोणीही देईल.

आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक. जाळ्यात कधी न बघितलेला मासा, खेकडा, काही आलं तर इथे घेतात, फक्त घरी फॉर्मलिन वगैरे शोधत बसू नका, बर्फात घालून आणा. सोबत पेन्सिलीने लिहा, कुठे मिळाला, कधी, किती वावात, कुठलं जाळं. बंदी असलेलं काही अडकलं, कासव, करवत मासा, तर ते आणायचं नाही, जिवंत असेल तर लगेच पाण्यात सोडायचं आणि वनखात्याला कळवायचं.

बाबांनी रविवारी सकाळीच लिलावाला गेल्यावर होडीवरच्या पोरांना हे सांगितलं, आणि शिंगाळ्याच्या दोन बरण्यांत मोठ्या जातीचं गावातलं नाव लिहायचं राहिलंय म्हणून पुढच्या शनिवारी परत जायचंय.