सर्च, सीक, रमेज की रॅन्सॅक? इंग्रजीत 'शोधणे' लिहिताना

मराठीत 'किल्ली शोधली' चालतं आणि 'सगळं घर शोधलं' हेही चालतं. हवी असलेली वस्तू आणि जिथे शोधायचं ती जागा, दोन्हींना एकच क्रियापद पुरतं. इंग्रजीत ही मोकळीक नाही, आणि मराठीतून इंग्रजीत लिहिणाऱ्याची गडबड नेमकी इथे होते. म्हणून शब्द निवडण्याआधी वाक्याचं कर्म पाहावं: ते जागा आहे की वस्तू? या शब्दांची मुळं पाहिली की हा फरक डोक्यात पक्का बसतो.

सर्च हा जागेचा शब्द. लॅटिन 'किर्कुस' म्हणजे वर्तुळ. त्यावरून 'किर्कारे', म्हणजे भोवती फिरणं. जुन्या फ्रेंचमार्गे तो १४व्या शतकात इंग्रजीत आला. सर्कल आणि सर्कस याच कुळातले. त्यामुळे सर्चनंतर थेट येते ती पिंजून काढलेली जागा, आणि वस्तूआधी 'फॉर' लागतो. 'द पोलिस सर्च्ड द थीफ' म्हणजे पोलिसांनी चोराचे खिसे तपासले, चोर त्यांच्या हातात आहे. तो अजून फरार असेल, तर 'सर्च्ड फॉर द थीफ' हवं. एक 'फॉर' गाळला की बातमीचा अर्थ उलटतो. व्युत्पत्ती हा व्याकरणाचा नियम मात्र नव्हे: याच मुळाचं फ्रेंच 'शेर्शे' आज वस्तूच थेट घेतं. झडती या अर्थी सरकारी मजकुरातही सर्चच वापरावा. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम १३२चा मथळा 'सर्च अँड सीझर', म्हणजे झडती आणि जप्ती, असाच होता. 'रेड' हा बोलण्यातला शब्द. आणि रिसर्चमधला 'रि' म्हणजे 'पुन्हा' नव्हे, तो 'कसून' या अर्थाचा आहे.

सीक त्याच्या उलट. हा अस्सल जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ भाषाकुळातला, शब्द. जुन्या इंग्रजीत 'सेकान', आजच्या जर्मनमध्ये 'झूखन'. मूळ कल्पना माग काढण्याची. तीक्ष्ण नाकाच्या कुत्र्याला लावलं जाणारं लॅटिन विशेषण 'सागाक्स' याच मुळाचं, आणि त्यातून इंग्रजीत सगेशस, म्हणजे चाणाक्ष, हा शब्द आला. मागावर निघालेल्याचं लक्ष्य ठरलेलं असतं, म्हणून सीकनंतर हवी असलेली गोष्ट थेट येते: सीक परमिशन, सीक अ‍ॅडव्हाइस. अर्जात 'सीकिंग फॉर अ जॉब' लिहू नये. 'सीकिंग अ जॉब' पुरे. भूतकाळ 'सॉट'. हरवलेल्या चष्म्यासाठी मात्र सीक फार भारदस्त पडतो, तिथे 'लुक फॉर' घ्यावा.

रमेजची कथा या चौघांत सगळ्यात गोड आहे. फ्रेंच 'आर्युमाज' म्हणजे जहाजाच्या तळात माल नीट रचणं. पोर्तुगीजमध्ये 'अरुमार' म्हणजे आजही आवरणं, नीट लावणं. इंग्रजीत मात्र रचलेला माल तपासणीसाठी हलवणं आणि मग नुसती उलथापालथ, असा अर्थ सरकत गेला. कस्टम्समध्ये जहाजाच्या झडतीला आजही रमेजिंग म्हणतात, आणि तिथे जहाज हे थेट कर्म चालतं. एरवी 'रमेज्ड थ्रू द ड्रॉवर' असं लिहावं. या शब्दात घाई आणि पसारा दोन्ही येतात, म्हणून शिस्तीत केलेल्या तपासाला तो लावू नये.

रॅन्सॅक सर्वांत जपून वापरावा. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'रान' म्हणजे घर आणि 'साका' हा सीकचा भाऊबंद. चोरीच्या मालासाठी घराची रीतसर झडती, एवढाच मूळ अर्थ. आइसलँडिकमध्ये 'रान्सोक्न' म्हणजे आजही संशोधन! इंग्रजीत मात्र लुटीच्या 'सॅक'ची सावली पडली आणि शब्द मोडतोडीचा झाला. 'द ऑफिसर्स रॅन्सॅक्ड द हाउस' हा अधिकाऱ्यांवर आरोप ठरतो. सामानाची नासधूस किंवा लूट झालीच असेल, तरच तो लिहावा. एरवी सर्च.