वेबसाइटचा मजकूर: घरी लिहायचा की लेखकाकडून?

नागपूरच्या इतवारी बाजारातला व्यापारी वेबसाइटच्या डिझाइनचे पैसे फारशी कुरकुर न करता देतो. मजकुराचं बिल म्हटलं की ‘ते तर आमचा पोरगाच लिहून देईल’. रंग-फोटो डोळ्यांना दिसतात. लिहिता मात्र सगळ्यांनाच येतं, असं वाटतं.

घरच्या मजकुराला खर्च नाही आणि माल ठाऊक असतो. पण संत्रा बर्फीच्या पानावर ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ लिहून गाडी थांबते. बर्फी किती दिवस टिकते, पुण्याला पार्सल कसं जातं, हे कुठेच नसतं.

लेखक आधी हेच विचारतो. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं? माल परत का येतो? नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तो शोधून काढतो. ते फळाचं आहे, बर्फीचं नाही, हेही मालकाला बजावतो. बिल या विचारपुशीचं असतं. (शब्दामागे दर लावणारे लेखकच गैरसमज वाढवतात, ते वेगळं.)

नुसता पत्ता, वेळ आणि फोन द्यायचा असेल तर घरीच लिहा. ऑनलाइन विकायचं असेल, तर निदान मालाची पानं लेखकाकडे द्या.